धावणाऱ्या मुलीची न्याहारी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



'आहार, वजन आणि खेळ' असा विषय मला देण्यात आला आहे. मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक आहे, आणि शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे गेली चार वर्षे संध्याकाळी मैदानावर उभा राहतो. तेथे जे चुकले त्यामुळेच या विषयाची पुस्तके उघडावी लागली. म्हणून प्रथम माझी चूक सांगतो.

गेल्या वर्षी तालुका स्पर्धेत आमची नववीतील एक मुलगी ८०० मीटर धावण्यास उतरली होती. सरावात तिला गाठणारे कोणी नव्हते. शर्यतीतही ती शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होती, आणि वळणावर एकाएकी खाली बसली. चेहरा पांढराफटक, हातपाय गार. विचारपूस केली तेव्हा कळले की पहाटे साडेपाचला एक कप चहा घेऊन ती घरून निघाली होती आणि शर्यत सुरू झाली साडेअकराला. आदल्या दिवशी मीच तिला बजावले होते, 'पोट जड करून येऊ नकोस.' तिने माझा शब्द पाळला! दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा भेटले व म्हणाले, 'सर, हिचे धावणे आता पुरे. मुलीच्या जातीला हे झेपत नाही.'

मुलीला धावणे झेपत होते, उपाशी धावणे झेपले नाही. भात, भाकरी, केळे यांची शरीरात साखर होते आणि ती स्नायूंत व यकृतात साठविली जाते. रात्रभराच्या झोपेत यकृतातला साठा पुष्कळसा संपतो. सकाळी त्यात भर घातली नाही आणि वर शर्यत धावावयास लावली, तर डोळ्यांपुढे अंधारी येणे नवलाचे नाही. शर्यतीच्या सुमारे तीन तास आधी दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि एक अंडे, किंवा घावन आणि दूध, असे पोटभर पण साधे खाणे व्हावे. एक तास आधी केळे किंवा तीन-चार खजूर. तळलेले आणि मसालेदार त्या सकाळी नको, कारण ते पोटात रेंगाळते. पाणी मात्र घोटाघोटाने चालू ठेवावे. घामावाटे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी धाव मंदावू लागते. पन्नास किलोच्या मुलाच्या बाबतीत हे एक लिटर होते, आणि आपल्या दमट हवेत ते जायला वेळ लागत नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली नाही. त्या मुलीचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ निघाले. तिच्या वयाला ते किमान १२ असावे. देशभर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींत रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू पोहोचविणारी वाहनेच कमी. अशी मुलगी दमते, अभ्यासात डुलक्या घेते, आणि आपण तिला आळशी म्हणतो.

येथे मला माता-भगिनींशी थोडे कठोर बोलावे लागेल. बाप-भाऊ जेवल्यावर उरेल ते मुलीने जेवावे, मटणाचे बरे तुकडे मुलग्याच्या ताटात जावेत, हे आपल्या कित्येक घरांत अजून चालते. बारा-तेरा वर्षांनंतर दर महिन्याला रक्त जाते ते मुलीचे. कलेजी, मटण, मासळी, हिरवी पालेभाजी यांची गरज तिला भावापेक्षा अधिक आहे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो लोह अडवितो. मध्ये तासाभराचे अंतर हवे. आणि शाळेत दर आठवड्याला लोहाची जी निळी गोळी देतात ती दप्तरात ठेवून घरी नेण्यासाठी नसते. कित्येक गोळ्या मला बाकाखाली सापडल्या आहेत.

आता मुलग्यांविषयी. अकरावीतल्या एका मुलाला त्याच्या मामूंनी आखातातून प्रथिनांच्या भुकटीचा मोठा डबा पाठविला. डब्यावरील पैलवान पाहून घरातील सर्वांना फार आनंद झाला. मी त्याला वही काढावयास सांगितली. त्याचे वजन ५५ किलो. रोज व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने धरली, तर सुमारे ७० ते ८० ग्रॅम होतात. दोन अंडी १२, एक बरासा बांगडा २०, अर्धा लिटर दूध १६, वाटीभर डाळ ७, दिवसभरातील भात-भाकरीचे तीनशे ग्रॅम तांदूळ सुमारे २०, मूठभर फुटाणे ६. बेरीज ८१! डब्याची गरज कोठे उरली? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनातही अशा भुकट्या टाळण्यास सांगितले आहे. मामूंचे प्रेम खरे आहे, पण त्या पैशात वर्षभराची अंडी येतील.

वजन कमी करण्याची घाई हा दुसरा रोग. कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने दीड दिवस पाणी सोडले होते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट हिने अंतिम फेरीच्या आदल्या रात्री व्यायाम केला, घाम गाळला, केसदेखील कापले, तरी १०० ग्रॅम वजन जास्त भरले आणि ती बाद झाली. तिच्याभोवती डॉक्टर होते, तज्ज्ञ होते. तुमच्याभोवती कोण आहे? वाढत्या मुलाने पाणी तोडून वजन उतरवू नये, वरच्या गटात खेळावे.

ज्यांचे वजन खरोखर वाढले आहे ते बहुधा आम्ही पालक. माझी उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो होते. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की २७.६ येतात. आपल्या लोकांत २३च्या पुढे जपावे असे सांगतात. (मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात, हा हिशेब त्यांना लावू नका.) मी भात सोडला नाही. तिसरा वाढा सोडला, शरबत आणि बाटलीतील थंड पेये सोडली. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. लग्नाच्या दावतीत दुसऱ्यांदा ताट भरणे सोडले, हे सर्वांत कठीण गेले. शिवाय रोज पाऊण तास चालतो. आठ महिन्यांत सहा किलो उतरले.

रमजानमध्ये सराव करावा की नाही, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान रोजे ठेवून सामने खेळला आणि १९९५च्या फेब्रुवारीत, रमजान चालू असताना, तेथील स्पर्धेचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो कसलेला खेळाडू होता, तुम्ही वाढीच्या वयातील मुले आहात. दुपारच्या उन्हात धावू नका. हलका सराव इफ्तारच्या थोडा आधी करावा, म्हणजे लगेच खाता-पिता येते. जोराचा सराव रात्री. सहरी चुकवू नये. इफ्तारला खजूर, पाणी, फळे घेऊन मग जेवावे. भजी-समोसे रोज कशाला हवेत?

त्या मुलीचे सांगावयाचे राहिले. डॉक्टरांनी तीन महिने गोळ्या दिल्या, अम्मीने ताट सुधारले, हिमोग्लोबिन ११.८ झाले. या वर्षी ती तालुक्यात चौथी आली, वर गेली नाही. पण पूर्ण धावली, आणि धावून झाल्यावर उभी होती. पुढची शर्यत सकाळी नऊला आहे. परवा तिचे अब्बा शाळेच्या फाटकाशी थांबले होते. म्हणाले, 'सर, नऊला धावायचे तर भाकरी किती वाजता भाजायला सांगू?'

मी म्हटले, 'सहाला ताटात पडली पाहिजे.'