मुलाचे देव



2015 साली दत्तकाचे नवे नियम आले. मूल आणि पालक यांची गाठ संस्थेने नव्हे, केंद्राच्या संगणक प्रणालीने घालायची, असं ठरलं. एकट्या, घटस्फोटित व्यक्तींनाही त्यात जागा होती. ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’च्या भगिनींना हे मानवलं नाही. त्यांनी आपल्या दत्तक केंद्रांची मान्यता काढून घ्या, असं सरकारला कळवलं. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. श्रद्धेविरुद्ध काम करण्याची सक्ती कुणावर नको. मात्र सरकारी मान्यताही ठेवायची आणि पात्र बाईला आपला धर्म सांगून परतही पाठवायचं, हे चालणार नाही.

पण श्रद्धा संस्थेलाच असते का? मुलाच्या श्रद्धेचं काय?

1956चा हिंदू दत्तक कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. म्हणून आपल्याकडे माडिया-गोंडांत मूल घ्यायचं ते रूढीने. भामरागड, एटापल्लीकडे पोरक्या लेकराला काकाने घरात घेतलं, तर काकाचे देव तेच त्याचे देव. सोयरिकीची बोलणी निघाली की पहिली चौकशी कुळाच्या देवांच्या संख्येची: चार देवे, पाच देवे, सहा की सात? दोन्हीकडचे देव सारखे निघाले तर ते भाऊबंद. तिथे लग्न नाही. आता दूरच्या बालगृहात वाढलेल्या मुलीला हेच विचारलं, तर तिने काय सांगावं?

दत्तकासाठी बाल न्याय कायद्याची वाट सर्व धर्मांना खुली आहे. 2014 साली शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. सप्टेंबर 2022पासून तर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारीच देतात. सोय मोठी आहे, ती हवीच. पण भारताने 1992 साली स्वीकारलेल्या बालहक्क करारात, 20व्या कलमात, मुलाचा धर्म, संस्कृती आणि भाषा यांचा धागा तुटू नये याकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे.

म्हणून माझं मागणं आहे. अनाथ मूल बालकल्याण समितीपुढे आलं की गावातल्या जाणत्यांना विचारा. कुळ, देव, बोली फायलीत लिहा. आईने स्वतः सोपवलेलं मूल असेल तर तिची गुप्तता आधी सांभाळा. सांभाळायला घर शोधायचं तर आधी त्याच मुलखात शोधा. संस्था ख्रिस्ती असो वा हिंदू, तिने मुलाचं नाव आणि देव बदलू नयेत. अठरा वर्षांनंतर दत्तक मुलाला आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज आल्यावर फायलीत काहीतरी सापडायला हवं.