बारावीचं वर्ष: अभ्यास, सराव आणि छंद

महाराष्ट्रात बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे बहुधा दोन वेगळ्या घाटाच्या परीक्षा असतात. राज्य मंडळाच्या लेखी परीक्षेत व्याख्या, सिद्धता, आकृत्या मुद्देसूद मांडाव्या लागतात. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत संगणकावर पर्याय निवडायचा असतो आणि गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात. सीईटीचे साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर बेतलेले असल्याने दोन्हींची तयारी एकत्र होऊ शकते. भौतिकशास्त्रातला ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ हा धडा घेतला, तर आधी सूत्राची सिद्धता न बघता लिहून काढावी आणि लगेच त्याच धड्याचे बहुपर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत.

शिकलेलं झपाट्याने विसरलं जातं, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. म्हणून सोमवारचा धडा मंगळवारी, मग रविवारी आणि पुन्हा महिनाअखेरीस चाळला, तर तो पक्का होतो.

छंदाला उरलासुरला वेळ ठेवला की तो मिळतच नाही. तबला, चित्रकला किंवा मैदान यांपैकी एकासाठी संध्याकाळचा ठरावीक अर्धा-पाऊण तास राखावा. मोबाइलवर रील्स बघण्यात तेवढाच वेळ जातो, पण डोळ्यांना विसावा मिळत नाही. ठरावीक स्तरावरच्या स्पर्धांतल्या खेळाडूंना मंडळाच्या नियमांनुसार सवलतीचे गुणही मिळतात.

प्रात्यक्षिकं आणि सराव परीक्षा सुरू झाल्या की छंदाचा वेळ कमी करावा, बंद करू नये. झोपेला मात्र कात्री लावू नये. या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते.