चित्रकथेची शाई आणि संगणकाचा कुंचला

चित्रकथा हा शब्द उच्चारतांच पुष्कळ सुशिक्षित घरांत कपाळाला आठी पडते. त्यांतून मुलगा किंवा मुलगी ती चित्रकथा कागद सोडून संगणकाच्या पडद्यावर काढूं लागली, कीं ‘सारें यंत्रच करतें, ह्यांत शिकण्यासारखें काय आहे?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्या मुलाला साहित्य घेऊन द्यावयाचें कीं त्याचा नाद सोडवावयाचा, हें त्याच्या उत्तरावर ठरत असतें. म्हणून ह्या कामांत हात किती व यंत्र किती, एवढेंच आज पाहूं. नभोवाणीवरून रेषा दाखवितां येत नाहीं, ही अडचण आहेच. पण तिच्याविषयीं बोलतां येतें.

पेन्सिलीचें रेखाटन म्हणजे कच्चा खर्डा. शाई चढविणें म्हणजे तो गिरविणें, ही समजूत साफ चुकीची आहे. पेन्सिल दहा रेषा सुचविते; शाईला त्यांतील एक निवडावी लागते. उजेडाच्या बाजूची रेषा बारीक, सावलीच्या बाजूची जाड. जवळची वस्तु ठसठशीत, दूरची नाजूक. कापडाची रेषा सैल, दगडाची तुटक. जुने कलावंत ह्यासाठीं टाक आणि केंसांचा कुंचला वापरीत. टाकावर भार दिला कीं त्याचें टोंक फांके आणि रेषा रुंदावे. हल्लींच्या पेन टॅब्लेटच्या, म्हणजे विजेच्या पाटीच्या, लेखणीलाहि हाताचा दाब कळतो व त्याप्रमाणें रेषा जाड-बारीक होते. सदऱ्याची कोणती चुणी ठेवावी आणि कोणती सोडावी, हें मात्र पाटीला ठाऊक नसतें.

यंत्रानें दोन मोह नवे आणले. पहिला, काढलेली रेषा क्षणांत पुसण्याचा. कागदावर चुकलेल्या रेषेवर पांढरा रंग लावावा लागे, म्हणून हात टेकण्यापूर्वीं मन विचार करी. पडद्यावर मुलें एकच रेषा वीस वेळां काढतात, आणि विसावी पहिलीहून चांगली असतेच असें नाहीं. दुसरा मोह, चित्र मोठें करून पाहण्याचा. पापणीचा एक केंस आठपट मोठा करून तासभर कोरीत बसावें, आणि छापल्यावर तो दिसूंहि नये! तेंच चित्र दुसऱ्या खिडकींत मूळ आकारांत उघडें ठेवणें, हा त्यावर साधा उपाय. रेषेचा कंप घालविणारी ‘स्टॅबिलायझर’ नांवाची सोय असते. ती बेतानें वापरावी. फार वापरली तर सर्वांच्या रेषा सारख्याच गुळगुळीत दिसूं लागतात. खांद्यापासून हात हलवून, जरा वेगानें रेषा ओढण्याची संवय लागली कीं तिची गरज फारशी उरत नाहीं.

रंगांची हकीकत अधिक मनोरंजक आहे. अमेरिकेंतील स्वस्त चित्रकथांत पुष्कळ वर्षें निळी, किरमिजी व पिवळी अशा तीन शाया असत आणि प्रत्येकीच्या, कोरा कागद धरून, चार मात्रा. म्हणजे एकूण ६४ छटा. रंगकार नमुन्याच्या प्रतीवर रंग भरी, आणि त्यावरून दुसरेच कामगार प्रत्येक शाईची प्लेट तयार करीत. १९८८ सालीं कात्सुहिरो ओतोमो ह्या जपानी चित्रकाराची ‘अकिरा’ अमेरिकेंत निघूं लागली. जपानांत ती १९८२ पासून काळ्या-पांढऱ्या स्वरूपांत येत होती. अमेरिकन आवृत्तीला स्टीव्ह ऑलिफ ह्यानें संगणकावर रंग दिले. फोटोशॉप बाजारांत आलें तें १९९० सालीं, त्यानंतर. मूळ रेषा रंगावांचून पूर्णच होती. तिला न झांकतां रात्रीच्या शहराची झळाळी आणणें, हें त्याचें खरें काम.

शिकणाऱ्यानें शाईची रेषा सर्वांत वरच्या थरावर ठेवावी. त्या थराला ‘मल्टिप्लाय’ केलें कीं पांढरा भाग पारदर्शक होतो. खालच्या थरावर प्रत्येक आकार सपाट रंगानें, कडा मऊ न ठेवतां, भरावा. म्हणजे पुढें एका स्पर्शानें तो निवडतां येतो. ह्यास ‘फ्लॅट’ म्हणतात. काम कंटाळवाणें खरें. पण परदेशांत त्यासाठीं स्वतंत्र मदतनीस असतात आणि नवशिक्याला धंद्याचें दार येथून उघडतें. सावली व उजेड ह्यांस निराळे थर द्यावे. छापावयाचें असेल तर रेषा इंचाला ६०० ठिपक्यांची आणि केवळ काळ्या शाईची असावी. चारी शाया मिसळून काळी केली, तर प्लेट केंसभर सरकतांच तिच्या कडेला रंगीत झालर दिसते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर उतरत नाहीं, हेंहि आधींच जाणून असावें.

खर्च फार नाहीं. ‘क्रिटा’ नांवाची चित्रकलेची आज्ञावली विनामूल्य मिळते आणि पडदा नसलेली लहान पाटी पुरते. हात खालीं व नजर समोर, ह्यामुळें पहिले कांहीं दिवस अवघडल्यासारखें होतें. तेवढ्यावरून मुलाची पारख करूं नये.

सरावासाठीं एकच चौकट घ्यावी. खिडकींत बसलेली आजी, समजा. शाई एकदांच चढवावी. मग तेंच चित्र सकाळच्या, भर दुपारच्या आणि कंदिलाच्या उजेडांत असें तीनदां रंगवावें. लुगडें तेंच, पण तिन्ही वेळीं त्याचा रंग वेगळा भासला पाहिजे, आणि रेषा कोठेंहि बुजतां कामा नये. तीं तीन चित्रें शेजारीं-शेजारीं मांडून, कांहीं न सांगतां, घरांतल्या माणसांस विचारावें, कोणती वेळ कोणती?