जुन्या मधपाळांची नवी शाळा



जालना म्हटलं की बियाणं आठवतं. कांद्याच्या बीजोत्पादनात परागकण एका गोंड्यावरून दुसऱ्यावर नेतात त्या मुख्यतः मधमाश्या. म्हणूनच इथल्या मधपाळाचं ज्ञान मधापुरतं थांबून चालत नाही.

जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. शिकण्याची ही सवय मुरलेल्या मधपाळांनीही उचलावी. पाच-दहा जणांनी महिन्यातून एकदा एकाच्या पेट्यांपाशी जमावं, प्रत्येकानं आपली नोंदवही आणावी.

शिकण्यासारखं पुष्कळ आहे. माश्यांवर जगणारा वरोआ कोळी मोजायचा कसा? बरणीत माश्या घेऊन त्यांवर पिठीसाखर भुरभुरवा, बरणी हलक्या हातानं फिरवा आणि जाळीतून खाली पडलेले कोळी मोजा. माश्या जिवंत परत पेटीत जातात. कामकरी माशी २१ दिवसांत तयार होते, राणी १६ दिवसांत. हा हिशेब पक्का असेल, तर वसाहतीचं विभाजन वेळेवर साधतं. उन्हाळ्यात फुलोरा आटला की सावली, पाणी आणि साखरेचा पाक यांचं नियोजन लागतं. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी. हे शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगायला हवं.

अधिक शिकायचं असेल, तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

वीस वर्षांचा अनुभव मोठाच. पण तो वाटला, तपासला, तरच वाढतो.