छोटा शब्द कोणाचा?



तुम्ही आता वाचू लागला आहात. एस्टीची पाटी वाचता. सातबाऱ्यावरचे आपले नाव स्वतः बघता. ही मोठी गोष्ट आहे. पण आपल्या घरात एक वस्तू येते, तिच्यावर पुष्कळदा इंग्रजीच लिहिलेले असते. ती म्हणजे औषधाची बाटली. आज मी तुम्हाला त्या इंग्रजीतल्या छोट्या शब्दांविषयी सांगणार आहे. आधी माझीच एक चूक सांगतो.

आमच्या शेजारच्या घरी लहान मुलाला ताप आला. मुलाची आई बाटली घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, यावर काय लिहिलंय, तेवढं सांगा."

बाटलीवर लिहिले होते, 'शेक वेल बिफोर यूज.'

शेक म्हणजे हलवा. बिफोर यूज म्हणजे वापरण्याआधी. मधला 'वेल' मला नीट उमगला नाही. 'वेल बिफोर' म्हणजे 'बऱ्याच आधी' असे मी कुठेतरी वाचले होते. मी सांगून टाकले, "पोरी, औषध द्यायच्या बरंच आधी बाटली हलवून ठेव."

ती बिचारी रोज पहाटे बाटली हलवी आणि ठेवून देई. औषध देई दुपारी आणि रात्री. तीन दिवस गेले. ताप हटेना. शेवटी तिने मुलाला आणि बाटलीला घेऊन डॉक्टरांकडे धाव घेतली. मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. वर पातळ पाणी, खाली दाट गाळ.

डॉक्टर म्हणाले, "अहो, औषध सगळं तळाशी बसलंय. पोराच्या पोटात नुसतं वरचं पाणी गेलं. आता हा खालचा गाळ दिला असता, तर एका चमच्यात नको तितकं औषध गेलं असतं."

अशा औषधात भुकटी असते. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती मिसळते. बाटली ठेवली की हळूहळू खाली बसते. म्हणून दर वेळी, देताना नीट हलवायचे. डॉक्टरांनी नवी बाटली दिली, पोर बरे झाले. पण माझी मान खाली गेली. 'मला हे ठाऊक नाही, डॉक्टरांना विचार,' एवढे म्हणायची मला लाज वाटली होती. गावाने गुरुजी म्हटले, म्हणून!

चूक कुठे झाली? 'वेल' हा छोटा शब्द कोणाचा, हे मी पाहिले नाही. तो होता 'शेक'चा. मी तो दिला 'बिफोर'ला. 'शेक वेल' म्हणजे नीट हलवा. केव्हा? 'बिफोर यूज', वापरण्याआधी. वाक्य इतके सरळ होते.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला. त्या वेळी 'धरावे' या शब्दातल्या 'ध'चा कोणी 'मा' केला, अशी गोष्ट सांगतात. तिथे अक्षर बदलले. माझ्या हातून अक्षरही बदलले नाही. नुसता शब्द एकाचा दुसऱ्याला दिला गेला.

आता इंग्रजीची रीत बघा. आपण म्हणतो, 'जेवणाआधी'. 'आधी' हा शब्द जेवणाच्या मागे येतो. इंग्रजीत तो पुढे येतो. 'बिफोर मील्स.' बिफोर म्हणजे आधी, मील्स म्हणजे जेवणे. आपल्या उलट. 'जेवणानंतर' म्हणजे 'आफ्टर मील्स'. ही झाली शब्दांची जोडी.

या जोडीच्या पुढे आणखी एक छोटा शब्द येऊन बसतो. तो किती, केव्हा, कसे ते सांगतो. व्याकरणात अशा शब्दाला क्रियाविशेषण म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, काम विसरू नका. समजा, तुम्हाला कोणी दहा वाजताची वेळ दिली:

'बिफोर टेन' म्हणजे दहाच्या आधी.
'जस्ट बिफोर टेन' म्हणजे दहाच्या अगदी थोडे आधी.
'वेल बिफोर टेन' म्हणजे दहाच्या बऱ्याच आधी.
'नॉट बिफोर टेन' म्हणजे दहाच्या आधी नाही.
'ओन्ली आफ्टर टेन' म्हणजे दहानंतरच.

घड्याळातले दहा तेच. पण छोट्या शब्दामुळे घरून निघायची वेळ बदलते. आपल्या मराठीत हेच काम 'अगदी', 'थेट', 'फक्त' हे शब्द करतात. कधी तर नुसता 'च' करतो. 'उद्या या' आणि 'उद्याच या' यांत किती फरक आहे!

जागा सांगतानाही असेच. 'शाळेच्या अगदी समोर' हे इंग्रजीत 'राइट इन फ्रंट ऑफ द स्कूल'. इथे राइट म्हणजे उजवीकडे नव्हे बरे! इथे त्याचा अर्थ 'अगदी'. 'थेट स्टेशनवर जा' हे 'गो स्ट्रेट टु द स्टेशन'. आपण म्हणतो 'खाली नदीकाठी', ते म्हणतात 'डाउन बाय द रिव्हर'. आपण म्हणतो 'वर छपरावर', ते म्हणतात 'अप ऑन द रूफ'. आधी दिशा, मग जागा. तुमचे-आमचे बोलणे तसेच आहे.

आता माझ्यासारखी चूक होऊ नये, म्हणून एक युक्ती सांगतो. मधला छोटा शब्द दिसला की थांबा. त्याला विचारा, "बाबा, तू कोणाचा?" आधी तो मागच्या शब्दाला लावून पाहा, मग पुढच्या जोडीला. 'शेक वेल', नीट हलवा. अर्थ लागला. 'वेल बिफोर यूज', वापरण्याच्या बऱ्याच आधी. यातही शब्द जुळतात. मग कोणते खरे? इथे आपली अक्कल चालवायची. आधी हलवून ठेवलेले औषध पुन्हा खाली बसणारच. मग तसे हलवून उपयोग काय? म्हणून 'वेल' हा 'शेक'चाच.

कधी छोटा शब्द शेवटी बसतो. पुष्कळ मलमांवर आणि चोळायच्या तेलांवर लिहिलेले असते, 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली.' ओन्ली म्हणजे फक्त. तो शेवटी असला, तरी मागच्या सगळ्या शब्दांना धरतो. अर्थ झाला, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. म्हणजे अंगावरच लावा. पोटात घेऊ नका. एवढा एक 'ओन्ली' वाचता आला, तरी एखादा जीव वाचेल.

गोळीच्या चिठ्ठीवर 'बिफोर मील्स' असेल, तर त्याच्या पुढे काय आहे तेही बघा. 'जस्ट' असेल, तर गोळी घ्या आणि पानावर बसा. 'हाफ अॅन अवर' असेल, तर गोळी घेऊन अर्धा तास थांबा, मग जेवा.

मंडळी, सगळे इंग्रजी एका दिवसात येणार नाही. मलाही अजून सगळे येत नाही. पण आज घरी गेल्यावर फडताळातली एक बाटली काढा. तिच्यावर 'ओन्ली', 'बिफोर', 'आफ्टर' कुठे आहे का, ते मुलांकडून शोधून घ्या. अर्थ लागला नाही, तर औषधवाल्याला विचारा, डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. कमीपणा कशात आहे, ते मी त्या दिवशी शिकलो.