समुद्रसहल आणि आपला खिसा



या व्याख्यानमालेची परंपरा १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांनी घालून दिलेली. अशा व्यासपीठावरून आगबोटीच्या तिकिटात पैसे कसे वाचवावेत या विषयावर बोलायचे म्हणजे विषय हलका झाला असे काहींना वाटेल. परंतु पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे विचारण्याची सवय या शहराला रानड्यांनीच लावली. त्यांनी तो प्रश्न देशाच्या व्यापाराला विचारला, मी तो एका तिकिटाला विचारणार आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते रात्रशाळेत आणि कामगारांच्या पगारपत्रकांवर. गेली तीस वर्षे कामगार संध्याकाळी युनियनच्या कचेरीत पगाराची चिठ्ठी घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, एवढे कसे कापले?" अलीकडे निवृत्त झालेली मंडळी दुसराच कागद घेऊन येतात. त्यावर निळा समुद्र, पांढरे जहाज आणि ठळक आकडा असतो: मुंबई ते गोवा, किंवा सिंगापूरहून चार रात्री, माणशी इतके इतके रुपये. प्रश्न मात्र तोच असतो. "साहेब, हे खरे एवढ्यातच होते का?"

क्रूझ ही श्रीमंतांची चैन, कामगाराने तिच्या नादी लागू नये, असा उपदेश मी करणार नाही. सुट्टी ही आपण मिळवलेली गोष्ट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगार संघटित केले आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी आठवड्याला विश्रांतीचा दिवस असावा, हे मागणेसुद्धा उद्धटपणाचे समजले जाई. पगारी रजा कायद्यात नीट बसली ती १९४८ च्या कारखाना कायद्याने. वीस दिवस काम केले की एक दिवस रजा, असे तिचे मोजमाप होते. म्हणजे सात दिवसांची रजा हवी तर एकशेचाळीस दिवस यंत्रापाशी उभे राहायचे. अशा रजेवर खर्च होणारा पैसा उधळू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

तर मुद्द्याकडे येतो. जहाजाचे तिकीट पगारपत्रकासारखे वाचावे. पगारपत्रकावर वरचा आकडा मोठा असतो आणि खाली कपात होत होत हातात पडणारी रक्कम लहान होते. तिकिटाचे याच्या नेमके उलटे आहे. वरचा आकडा लहान असतो आणि खाली भर पडत पडत हातातून जाणारी रक्कम मोठी होते. म्हणून पगारपत्रक आपण जसे शेवटच्या ओळीवरून तपासतो, तसे तिकीटही शेवटच्या ओळीवरूनच तपासले पाहिजे.

एक हिशेब मांडू. यातले आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. जाहिरातीत माणशी वीस हजार लिहिले आहेत, म्हणजे पतिपत्नीचे चाळीस हजार झाले. त्यात बंदराचे शुल्क धरा सात हजार, जहाजावरील सेवेचे तीन हजार आणि कराचे नऊ हजार. एकोणसाठ झाले. पुण्याहून धक्क्यापर्यंत जाणे-येणे, गोव्यात उतरल्यावर गाडी, जहाजावरचे इंटरनेट, आणि जेवणात न धरलेली सरबते यांचे अकरा हजार. चाळिसाचे सत्तर झाले! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. म्हणून दोन जाहिरातींची तुलना कधीही वरच्या आकड्यावर करू नये. प्रत्येकीची शेवटची बेरीज मागून घ्यावी, तिला माणसांनी आणि रात्रींनी भागावे, आणि मग जो आकडा येईल तो शेजारी शेजारी ठेवावा. कित्येकदा महाग दिसणारे तिकीट स्वस्त निघते, कारण त्यात शुल्क आणि सेवा आधीच धरलेली असतात.

परदेशी क्रूझ असेल तर आणखी दोन ओळी वाढतात. पहिली व्हिसाची. सिंगापूरहून निघालेले जहाज मलेशियाला किंवा थायलंडला लागून पुन्हा सिंगापुरात येते, तेव्हा आपण त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश करतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा तेथे पुरत नाही. युरोपातही जहाज शेंगेन देशांबाहेर जाऊन परत आले की तीच अडचण येते. हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे, नंतर विचारण्यात अर्थ नाही. दुसरी ओळ परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ वसूल होणाऱ्या कराची, ज्याला टीसीएस म्हणतात. ही ओळ पाहून पुष्कळ लोक घाबरतात, पण तो खर्च नव्हे. आपल्या पॅनवर जमा होणारी ती रक्कम आहे. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले की ती देय करात वळती होते किंवा परत मिळते. विवरणपत्रच न भरणारा निवृत्त मनुष्य मात्र ती सरकारला दान करून बसतो.

आता बचत खरोखर कोठे होते ते सांगतो. पहिली होते ती तारखेत. मेची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ या दिवसांत दर चढलेले असतात. शाळेत जाणारी मुले ज्यांच्या घरी नाहीत, त्यांनी या तारखांना जाऊन गर्दीलाही पैसे द्यावेत, याला काय म्हणावे? निवृत्त माणसाजवळ पैसा कमी असेल, पण तारीख त्याच्या हातात असते. त्याने तीच वापरावी. ऋतू बदलताना जहाजे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेली जातात. अशा एकतर्फी सफरींचा दर रात्रीमागे पुष्कळदा कमी पडतो. परतीचे विमानभाडे मात्र त्यात मिळवून पाहावे.

दुसरी बचत खोलीत होते. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त, सज्जाची सर्वांत महाग. खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाची खोली कमी हलते, हे कोकणच्या आगबोटीतून गेलेल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. ज्यांना समुद्र लागतो त्यांना वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोलीपेक्षा खालची स्वस्त खोली अधिक सुखाची. समुद्र पाहायला सगळा डेक मोकळाच असतो. दोघांच्या खोलीत तिसरा-चौथा माणूस घेतला तर त्याचे भाडे अनेक कंपन्या कमी लावतात. उलट एकटा जाणाऱ्याकडून जवळजवळ दोघांचे भाडे घेतले जाते, म्हणून एकट्याने जोडीदार शोधावा.

तिसरी बचत माझ्या धंद्याची आहे: सामुदायिक सौदा. एकटा कामगार पगारवाढ मागायला गेला तर त्याला दार दाखवतात. शंभर जण गेले तर खुर्ची देतात. जहाजाचा धंदा याच न्यायाने चालतो. जहाज सुटल्यावर रिकामी राहिलेली खोली नासलेल्या भाजीसारखी. ती उद्या विकता येत नाही. म्हणून दहा-वीस खोल्या एकदम घेणाऱ्याशी कंपनी बोलणी करते. सोळा माणसे भाडे भरणारी असली तर एकाचे भाडे माफ, असा प्रघात परदेशी कंपन्यांत बराच रूढ आहे. ती सवलत सहलीच्या म्होरक्याने स्वतःच्या खिशात न घालता सोळा जणांत वाटावी, एवढे आधी ठरवून घ्या! सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, भिशीमंडळ या पुण्यात ठायी ठायी आहेत. त्यांनी एकत्र पत्र लिहून तीन ठिकाणचे दर मागवावेत.

बचतीचे एक खोटे रूपही आहे. पूर्ण रक्कम आज भरा आणि मोठी सूट घ्या, असे सांगितले जाते तेव्हा ती सूट आपण दिलेल्या बिनव्याजी कर्जाचे व्याज असते. कर्ज देणाऱ्याने ऋणकोची पत पाहावी, हे आपल्याला सावकारांनी पुरेसे शिकवले आहे. मुंबईहून जालेश क्रूझेसचे 'कर्णिका' जहाज २०१९ च्या एप्रिलमध्ये मोठ्या थाटात सुरू झाले. पुढच्या वर्षी महामारी आली, २०२० च्या ऑक्टोबरात कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेले. श्रीमंतांच्या जहाजांचीही हीच गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये 'क्रिस्टल सिम्फनी' हे आलिशान जहाज मायामीला परतत होते. इंधनाची बाकी थकल्यामुळे अमेरिकेतील न्यायालयाने त्याच्या जप्तीचा हुकूम काढला. जहाजाने मायामी टाळून बहामातील बिमिनी बेट गाठले, आणि उतारूंना तेथून फेरीबोटीने फ्लोरिडाला पोहोचवावे लागले. कंपनी बुडाली की आगाऊ पैसे भरणारा घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा थकलेल्या देण्यांसाठी कामगारांनी किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, हे मी पाहिले आहे. म्हणून कमीत कमी अनामत भरून खोली राखावी आणि उरलेली रक्कम मुदतीच्या दिवशी द्यावी. सहल रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, ते कोष्टक पैसे भरण्यापूर्वी वाचावे. परदेशी जायचे तर प्रवासविमा घ्यावा आणि त्यात आधीचे आजार लपवू नयेत.

आणि आता, जेथे बचत करू नये ती जागा.

अनेक परदेशी जहाजांवर खोली झाडणाऱ्या आणि वाढणाऱ्या नोकरांसाठी माणशी दररोज पंधरा-वीस डॉलर बक्षिसी बिलात लावली जाते. चार रात्रींचे, दोघांचे, सोळा डॉलरने एकशे अठ्ठावीस डॉलर होतात. काही जहाजांवर कचेरीत जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, आणि पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून ही गोष्ट एकमेकांना सांगितली जाते. ही युक्ती नव्हे. जहाजाचा मालक अमेरिकेत, झेंडा बहामाचा किंवा पनामाचा आणि खोली झाडणारा मुलगा गोव्याचा, कोकणातला किंवा फिलिपाइन्सचा, असा हा मामला असतो. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. म्हणून मालक आपल्याला सोयीचा झेंडा शोधतो. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. मुंबईच्या नॅशनल युनियन ऑफ सीफेरर्ससारख्या संघटना त्याच्याच आधाराने भांडतात. करार चांगला आहे. नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्याला त्याने बंदी केली, हे आपल्या मुलाला जहाजावर पाठवू पाहणाऱ्या आईबापांनी ध्यानात ठेवावे. तरीही त्यात विश्रांतीचे माप आठवड्याला किमान सत्याहत्तर तास, असे सांगितले आहे. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. वजाबाकी करा. एक्क्याण्णव तास राबवून घेतले तरी ते या मापात बसते! आपण अठ्ठेचाळीस तासांसाठी किती मोर्चे काढले? त्या मुलाच्या मजुरीत बक्षिसीचा वाटा आधीच गृहीत धरलेला असतो. ती आपण काढून घेतली तर मालकाचे काही जात नाही, फक्त त्याचे जाते. बक्षिसीऐवजी पुरा पगार मिळावा, हे भांडण संघटनेने मालकाशी करायचे आहे. उतारूने ते नोकराच्या ताटातून करू नये. घर सोडताना बेरजेतच ही रक्कम धरा, आणि परवडत नसेल तर सहल एक रात्र लहान करा.

फार स्वस्त तिकिटाची किंमत दुसरे कोणी तरी देत असते, हे आपल्या इतिहासात आहे. १९०६ साली चिदंबरम पिल्ले यांनी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर स्वदेशी आगबोट कंपनी काढली. ते टिळकांचे अनुयायी. ती बुडवण्यासाठी ब्रिटिश कंपनीने भाडे एक रुपयावर आणले, मग फुकट नेऊ लागली, वर छत्री भेट देऊ लागली. लोकांनी छत्र्या घेतल्या. १९०८ साली पिल्ले तुरुंगात गेले, त्याच वर्षी टिळक मंडालेला गेले, आणि पुढे स्वदेशी कंपनीची जहाजे विकली गेली. मैदान मोकळे झाल्यावर कोणी फुकट नेत नाही आणि छत्रीही देत नाही.

सुरक्षिततेतही काटकसर नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्यावरच्या घरांत ती आठवण अजून आहे. २०१२ च्या जानेवारीत इटलीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून बत्तीस माणसे दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या उतारूंची संकटकाळची कवायत झालेलीच नव्हती. जहाज सुटण्यापूर्वी ही कवायत होते तेव्हा लोक जेवणाच्या रांगेत उभे असतात. तिकिटात जी एकच गोष्ट खरोखर फुकट मिळते, ती ही कवायत. ती चुकवू नका.

जाता जाता पुणेकरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जहाज कोणासाठी थांबत नाही. घाटात गाडी अडकली तर सगळी बचत खोपोलीलाच बुडते. सकाळची डेक्कन क्वीन धरली तर ती जेथे उतरवते तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ आहे.

तेव्हा बेरीज शेवटच्या ओळीची करा, तारीख आपल्या सोयीची घ्या, खोली साधी घ्या, सौदा मिळून करा, आगाऊ रक्कम कमीत कमी द्या, आणि आपली खोली झाडणाऱ्याचा घाम हिशेबात धरा. एवढे करून जो समुद्र दिसेल तो खुशाल पाहा. तो पाहण्याचा हक्क लोखंड्यांच्या काळापासून आपण रोज थोडा थोडा कमावला आहे.