ज्याचा फोन जास्त, त्याचं कर्ज पहिलं?

(श्रीवर्धन येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपांनी मला सांगितलंय की कर्जातून बाहेर कशी आलीस त्यावर बोल. आधीच सांगून टाकते, मी पूर्ण बाहेर आलेली नाही. माझ्या बहिणीचे वीस हजार अजून द्यायचेत.

माझं काम फोनवरचं आहे. घरात बसून, कानाला हेडसेट लावून, ज्यांचे हप्ते थकलेत त्यांना आठवण करून द्यायची. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने कॉल सेंटरचे नियम सैल केले, घरून काम करायला मोकळीक मिळाली. म्हणून म्हसळ्यात राहून मला हे काम मिळालं, नाहीतर पनवेलला खोली घेऊन राहावं लागलं असतं. म्हणजे मी दिवसभर दुसऱ्यांना हप्ता मागायची आणि जेवणाच्या सुट्टीत माझाच फोन वाजायचा, माझा हप्ता मागायला. हसू नका, तुमच्यातही अशा दोघी-तिघी आहेत, मला माहीत आहे.

कर्ज कसं झालं ते या किनाऱ्यावर कुणाला समजावायला नको. 3 जून 2020. निसर्ग वादळात घराचे पत्रे गेले, सासऱ्यांची सुपारीची वाडी आडवी झाली. सुपारी नव्याने लावली तर फळायला सहा-सात वर्षं. त्याच वर्षी मिस्टरांचं कुवेतचं काम बंद पडलं. बँकांनी मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत दिली होती, आणि आमच्या गल्लीत निम्म्या बायांना वाटलं की सहा महिने माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये मी एक वही केली. पतपेढीत सोनं गहाण, एक लाख वीस हजार. मायक्रोफायनान्सची दोन ग्रुप लोन, पस्तीस आणि चाळीस. बहिणीचे पन्नास. किराणा अठरा हजार चारशे. मुलाची फी बारा हजार. मोबाइलच्या एका ॲपचे आठ हजार. बेरीज 2,83,400. माझा पगार साडेबारा हजार, त्यातले आठ कर्जाला. मिस्टरांच्या रिक्षावर घर.

आता मुद्दा. तोपर्यंत आमच्या घरात पैसे कुणाला जायचे? जो जास्त फोन करेल त्याला. ॲपवाला दिवसाला वीस वेळा फोन करायचा, म्हणून हातात आलेले पाचशे त्याला. पतपेढी फोन करायची नाही, फक्त पत्र पाठवायची. ते पत्र फ्रिजवर पडून राहायचं. पण सोन्याचा लिलाव पतपेढी करणार होती, ॲपवाला नाही! किराणावाले चाचा तर कधीच बोलायचे नाहीत, आणि वादळानंतर दीड महिना पीठ-तेल त्यांनीच दिलं होतं.

मी फोनच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणून सांगते. तिथे डायलर नावाचं मशीन नंबर लावतं. बोलणाऱ्या मुलीचा तुमच्यावर राग नसतो, ती तुम्हाला ओळखतही नाही. समोर स्क्रिप्ट असते. तुम्ही 'पुढच्या आठवड्यात देते' म्हणालात की ती 'पीटीपी' लिहिते, म्हणजे पैसे द्यायचं वचन. ते वचन मोडलं की तुमचा नंबर जास्त वेळा लागतो. म्हणून जमणारी तारीख आणि जमणारी रक्कम सांगा, लहान असली तरी चालेल. नसेलच जमत तर 'या महिन्यात नाही' असं साफ सांगा. आमच्या बायका फोन कट करण्यासाठी हो म्हणतात आणि उद्याचे चार फोन विकत घेतात.

वेळेचाही नियम आहे. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास देणं, धमकावणं, हे रिझर्व्ह बँकेने बंद केलेलं आहे. सप्टेंबर 2022 पासून कर्जाच्या ॲपला तुमच्या मोबाइलमधली नावं-नंबरांची यादी बघायलाही मनाई आहे. त्रास झाला तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी नंबर 14448. पतपेढीची तक्रार मात्र तिथे चालत नाही. पतपेढी सहकार खात्याखाली येते, तिच्यासाठी निबंधकाकडे जावं लागतं. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक उगीच दोन-दोन महिने घालवतात.

मग माझ्या वहीत क्रम असा लागला. पहिलं ॲप, कारण रक्कम छोटी आणि व्याज सगळ्यात चढं. तीन महिन्यांत बंद केलं. कंपनी 'सेटलमेंट करा, पाच हजारात मिटवतो' म्हणाली, मी नाही केलं. सेटलमेंट केली की क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढे बँक दारात उभी करत नाही. पूर्ण भरून 'नो ड्यूज'चं पत्र घेतलं. त्या तीन महिन्यांतही पतपेढीचं व्याज दर महिन्याला भरलं, लिलाव टाळायला तेवढं पुरलं, आणि ग्रुपला थोडे-थोडे दिले. मग ग्रुपचे हप्ते पूर्ण, कारण मी चुकले तर बाकीच्या बायांना धरतात. 2022 च्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त व्हायला नकोत. फॉर्म भरायला येणारी मुलं घाईत जास्त उत्पन्न लिहून टाकतात, आणि आपण सही करतो. सहीच्या आधी तो आकडा वाचा.

चाचांना दर महिन्याला पाचशे. बहीण शेवटी, कारण ती थांबू शकत होती. हे मी तिला तोंडावर विचारलं होतं, गृहीत धरलं नव्हतं.

एक बोचरी गोष्ट बोलते. आपल्यात व्याज हराम म्हणून ग्रुप लोन कुणी उघड सांगत नाही. नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही, जमातीला तर नाहीच. मग पहिलं फेडायला दुसरं आणि दुसरं फेडायला तिसरं. माझ्या मते व्याजाने जेवढं बुडवलं नाही तेवढं या लपवालपवीने बुडवलं. कुराणातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे? देणं-घेणं लिहून ठेवण्यावर, साक्षीदार ठेवून. ती आपल्याला शाळेत कुणी शिकवली नाही. गावोगाव जमातीचा फंड आहे, मुंबईतून, आखातातून पैसा येतो, मशिदीला टाइल्स लागतात. त्या फंडातून बिनव्याजी कर्ज देता येतं, काही ठिकाणी देतातही. पण कुणाच्या घरात काय अडलंय ते ठरवायला कमिटीत एक तरी बाई आहे का? हे मौलवीसाहेबांवर टाकू नका, कमिटी आपली आहे.

वहीत अजून एक ओळ आहे. गहाण टाकलेलं सोनं माझं होतं, पावती मिस्टरांच्या नावावर. आणि मेहेर, पंचवीस हजार, निकाहनाम्यात लिहिलेला, आजपर्यंत न मिळालेला. मेहेर म्हणजे काही लग्नाची शोभा नव्हे, ते नवऱ्यावरचं कर्ज आहे. 1916 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही हमीरा बीबीच्या खटल्यात तसंच धरलं होतं. मी तो वहीत चढवला तेव्हा मिस्टर म्हणाले, "आता तू पण माझ्यामागे लागणार?" मी म्हटलं, मी फोन करणार नाही, फक्त लिहून ठेवलंय. दोन आठवडे ते वहीकडे बघत नव्हते. मग सोनं सुटलं 2024 च्या मे महिन्यात, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, आता पुढच्या महिन्यापासून तुझ्या ओळीत एक हजार.

आठ हप्ते आलेत. सतरा बाकी.

मागच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्यात, दहा रुपयांच्या. ज्यांनी गहाणाच्या पावत्या आणि हप्त्याची कार्डं आणलीत त्यांनी चहानंतर माझ्याकडे या. आपण शेवटची तारीख कुठली आहे ते आधी बघू.